तीन वर्षांची पदवी, परदेशातलं मास्टर्स आणि वर्षं मोजण्याची भानगड

बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए., बीएमएस, बीसीए. यांतलं काहीही केलेल्या मुलाने किंवा मुलीने परदेशी मास्टर्सचा विषय काढला की दोन टोकांची मतं ऐकू येतात. नात्यातलं कुणीतरी सांगतं, ‘तीन वर्षांच्या डिग्रीला बाहेर कुणी विचारत नाही, आधी इथे एम.एस्सी. कर.’ कन्सल्टन्सीवाला सांगतो, ‘सगळं चालतं हो, तुम्ही फक्त पासपोर्ट काढून ठेवा.’ दोघंही अर्धंच सांगतात. हीच डिग्री एका विद्यापीठात पूर्ण धरली जाते, त्याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठात अपुरी ठरते. कधी तर एकाच विद्यापीठाच्या दोन विभागांत वेगळा निकाल लागतो. वर्षं मोजायच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत. आपल्याला कुठल्या पद्धतीने मोजणार हे आधी समजून घेतलं, तर फुकट जाणारी अर्जाची फी तरी वाचते.

आधी मुळात हा घोळ झाला कसा ते पाहू. आपली १०+२+३ ही रचना १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाच्या शिफारशीतून आली. शाळा-ज्युनिअर कॉलेजची बारा आणि पदवीची तीन, एकूण पंधरा वर्षं. अमेरिकेत शाळा बारा वर्षांची आणि बॅचलर्स चार वर्षांचं, म्हणजे सोळा. इंग्लंडमध्ये बॅचलर्स तीनच वर्षांचं, पण ए-लेव्हल (शाळेची शेवटची दोन वर्षं) धरून शाळा तेरा वर्षांची, म्हणजे तिथेही सोळा. त्यामुळे इंग्रजांच्या तीन वर्षांवर अमेरिकेत सहसा कुणी बोट ठेवत नाही आणि आपल्या तीन वर्षांवर ठेवतात. वाद दिसतो पदवीच्या लांबीचा, पण बऱ्याच ठिकाणी मोजलं जातं ते पहिलीपासूनचं एकूण शिक्षण.

यावर आपल्या बाजूचा एक युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. अमेरिकी बॅचलर्सच्या चार वर्षांतला मोठा हिस्सा सामान्य शिक्षणात जातो. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इतिहास, लेखन, समाजशास्त्र असेही विषय घेतो. आपला जुन्या पद्धतीचा बी.एस्सी.वाला पहिल्या वर्षापासून दोन-तीन विषयांतच बुडालेला असतो आणि तिसऱ्या वर्षाला तर एकाच. मुख्य विषयाचे तास मोजले तर फरक एका अख्ख्या वर्षाचा उरत नाही. पण हा युक्तिवाद अर्जात लिहायचा नसतो. ॲडमिशन ऑफिसमध्ये बसलेला माणूस नियमाचा रकाना भरत असतो, त्याला तुमच्याशी वाद घालायला वेळ नसतो.

युरोपने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. १९९९ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पुढच्या दशकात बहुतेक युरोपने बॅचलर्स-मास्टर्स अशी सारखी रचना स्वीकारली. तिथे वर्षांऐवजी क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप, मोजतात. एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट्स. तीन वर्षांचं बॅचलर्स १८०, दोन वर्षांचं मास्टर्स १२०, बेरीज ३००. ही ३०० ची बेरीज लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. युरोपातच तीन वर्षांच्या पदव्या सर्रास झाल्यावर अमेरिकी विद्यापीठांनाही आपले नियम पुन्हा तपासावे लागले. काहींनी सगळ्यांसाठी दार उघडलं. काहींनी फक्त युरोपच्या तीन वर्षांना हो म्हटलं आणि भारताच्या तीन वर्षांना नाही. हा दुजाभाव आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

आता देशांकडे वळू. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे पदवीच्या लांबीची चिंता सोडून द्या. तिथली स्वतःची साधी पदवीही बहुतेक तीनच वर्षांची. तिथे अडतं ते टक्क्यांवर. ब्रिटिश विद्यापीठं भारतीय विद्यापीठांच्या याद्या ठेवतात आणि तुमची डिग्री कुठली आहे त्यावरून ५५ हवेत, ६० की ६५ हे ठरतं. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यामुळे तिथलं एक वर्षाचं मास्टर्स भारतात चालेल का ही जुनी धास्तीही बरीच कमी झाली. वैद्यकीय, इंजिनीअरिंग, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्या मात्र त्या कराराबाहेर आहेत. ऑस्ट्रेलियाशी अशीच व्यवस्था २०२३ मध्ये झाली.

पण ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला एक शेपूट आहे. ते मास्टर्स युरोपच्या हिशेबात सहसा ९० क्रेडिट्सचं धरतात. तुमचे बॅचलर्सचे १८० आणि हे ९०, झाले २७०. पुढे जर्मनीत पीएच.डी. करायची असेल तर पुष्कळ ठिकाणी ३०० मागतात, आणि मग ३० क्रेडिट्स कुठून आणायचे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नोकरीच करायची असेल तर याने काही बिघडत नाही. संशोधनात जायचा विचार असेल तर आत्ताच बघून ठेवा.

जर्मनीवर जरा थांबू, कारण फीच्या दृष्टीने आपल्याकडच्या मुलांचा ओढा तिकडे आहे आणि गैरसमजही तिथलेच जास्त. पहिली गोष्ट, जर्मनीत ‘अनाबिन’ नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात जगभरची विद्यापीठं आणि पदव्या नोंदलेल्या आहेत. आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ दिसलं की पोरं खूश होऊन तिथेच थांबतात. एच प्लसचा अर्थ एवढाच की संस्था मान्यताप्राप्त आहे. तुमची पदवी जर्मन बॅचलर्सच्या तोडीची धरायची की नाही याची नोंद त्याच डेटाबेसमध्ये वेगळी असते, आणि ती पदवीगणिक बदलते. दोन्ही नोंदी बघायच्या आणि त्यांची पानं जपून ठेवायची.

दुसरी गोष्ट, एपीएस प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ते लागतं. तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत का हे तपासून ते दिलं जातं. एपीएस मिळालं म्हणजे प्रवेश नक्की, असं सांगणारे भेटतात. तसं काही नाही. निर्णय विद्यापीठाचाच.

तिसरी गोष्ट आपल्या मुद्द्याची. समजा, पुण्याच्या एका कॉलेजातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलेली मुलगी दोन जर्मन मास्टर्सकडे बघतेय. पहिला प्रोग्रॅम चार सेमिस्टरचा, १२० क्रेडिट्सचा. पात्रतेत लिहिलंय, किमान १८० क्रेडिट्सची पदवी. दुसरा तीन सेमिस्टरचा, ९० क्रेडिट्सचा, आणि पात्रतेत लिहिलंय, किमान २१० क्रेडिट्स. तिला वाटतं, दुसरा बरा, सहा महिने वाचतील. पण शेवटी ३०० भरायचे आहेत. ९० त्यांच्याकडचे, म्हणजे २१० तुम्ही घेऊन या, असा तो हिशेब आहे. तिची तीन वर्षं १८० धरली गेली तरी ३० कमी पडतात. काही विद्यापीठं ते ३० जादा विषय घेऊन भरू देतात, काही सरळ अर्ज बाजूला ठेवतात. म्हणजे आपल्या तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांसाठी लांब दिसणारा प्रोग्रॅमच सोपा पडतो.

आणि इथे एक गल्लत फार होते. आपल्या मार्कशीटवर १२० किंवा १३२ क्रेडिट्स छापलेले असतात. ते भारतीय क्रेडिट्स. युरोपचे क्रेडिट्स वेगळ्या मापाचे. साधारणपणे एका पूर्ण वर्षाला ६० हे गणित लावतात, पण रूपांतर ते करतात, आपण फॉर्ममध्ये मनाने आकडा ठोकायचा नाही. शिवाय नुसती बेरीज पुरत नाही. मास्टर्स डेटा सायन्सचं असेल तर त्यांना गणिताचे इतके, प्रोग्रॅमिंगचे इतके क्रेडिट्स असं फोडून हवं असतं. तिथे लांबीपेक्षा विषयांमुळे जास्त अर्ज पडतात. त्यामुळे सहाही सेमिस्टरचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार, तासांसकट, कॉलेजकडून सही-शिक्क्याने घेऊन ठेवलेला बरा.

मार्कांचंही एकदा समजून घ्या. जर्मनीत १ हा सर्वोत्तम ग्रेड आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले टक्के बदलताना कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करतात, त्याला कमाल आणि पासिंगच्या गुणांमधल्या अंतराने भागतात, तीनने गुणतात आणि एक मिळवतात. ६८ टक्के असतील आणि पासिंग ४० ला असेल तर ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.६. अनेक प्रोग्रॅम २.५ वर दार लावतात. पासिंग ३५ धरलं असतं तर हाच आकडा २.५ च्या किंचित खाली आला असता. म्हणून तुमच्या विद्यापीठाचं पासिंग किती हे मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या पत्रात छापील असणं महत्त्वाचं.

अमेरिकेत असा एकही मध्यवर्ती डेटाबेस नाही आणि असं काही ठरवणारं सरकारी खातंही नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. त्यामुळे पात्रतेचं वाक्य नीट वाचणं हेच खरं कौशल्य. ‘चार वर्षांची बॅचलर्स पदवी किंवा समतुल्य’ असं लिहिलं असेल तर समतुल्य कशाला म्हणतात हे त्याच विद्यापीठाच्या देशनिहाय यादीत शोधायचं. भारतापुढे स्पष्ट ‘तीन वर्षांची पदवी ग्राह्य नाही’ असं असेल तर विषय संपला, पन्नास-शंभर डॉलर वाचले. नुसतं ‘मान्यताप्राप्त संस्थेची बॅचलर्स पदवी’ एवढंच असेल तर जागा आहे. आणि हेही बघायचं की वाक्य ग्रॅज्युएट स्कूलचं (विद्यापीठाचे सगळे पदव्युत्तर प्रवेश बघणाऱ्या शाखेचं) आहे की विभागाचं. ग्रॅज्युएट स्कूल किमान अट घालतं, विभाग ती अट आणखी कडक करू शकतो, सैल मात्र सहसा करू शकत नाही.

सगळी दारं बंद आहेत असंही नाही. एमबीएकडे बघा. हार्वर्ड बिझनेस स्कूल तीन वर्षांची पदवी चालते असं स्वतःच सांगतं. नामांकित जागा म्हणजे जास्त कडक नियम, हा आपला ग्रह तिथे खोटा ठरतो. उलट मधल्या फळीतली काही सरकारी विद्यापीठं सोळा वर्षांवर अडून बसतात, कारण त्यांचा नियम राज्यपातळीवरच्या धोरणात बसलेला असतो.

बरीच विद्यापीठं मूल्यांकन संस्थेचा, म्हणजे परदेशी पदवी तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची हे सांगणाऱ्या संस्थेचा, अहवाल मागतात. त्यांतली आपल्याकडे सर्वांत माहितीची डब्ल्यूईएस. भारतातली तीन वर्षांची पदवी प्रथम किंवा द्वितीय श्रेणीत असेल आणि ती देणाऱ्या विद्यापीठाला नॅकचा (आपल्याकडच्या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा) ‘ए’ किंवा वरचा दर्जा असेल, तर अमेरिकी बॅचलर्सच्या तोडीची धरायची, असं त्यांचं धोरण राहिलं आहे. यात संलग्न कॉलेजातल्या मुलांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. डिग्री कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. विरारच्या कॉलेजात शिकलात तरी प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठ असतं, आणि मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ‘ए डबल प्लस’ मिळालेला आहे. मात्र हा अहवाल म्हणजे सल्ला. विद्यापीठ तो बघूनही नाही म्हणू शकतं. म्हणून आधी विचारायचं, कुणाचा अहवाल चालतो, आणि मगच पैसे भरायचे.

अमेरिकेबाबत दोन ऐकीव गोष्टी सतत फिरत असतात. एक, तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. असा नियम आहे, पण तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी पात्रता मोजताना लावतात. विद्यापीठाच्या प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. दुसरी, तीन वर्षांच्या डिग्रीवर ग्रीन कार्ड अडतं. यात तथ्य आहे. १९७७ सालच्या एका इमिग्रेशन निर्णयात भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची नाही असं म्हटलं गेलं, आणि त्याचा दाखला अजून दिला जातो. पण त्याचा त्रास मुख्यतः ज्यांच्याकडे फक्त तेवढीच पदवी आहे त्यांना. तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचं मास्टर्स हाती असलं की चित्र बरंच बदलतं.

कॅनडात मास्टर्ससाठी चार वर्षांची पदवी मागणारी विद्यापीठं बरीच आहेत. तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. किंवा एम.कॉम. असेल तर अडचण सहसा मिटते. तिथल्या कॉलेजांचे पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स तीन वर्षांवर सहज मिळतात आणि एजंट तेच पुढे करतात, कारण कमिशन तिथे असतं. ते मास्टर्स नव्हे. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून त्या कोर्सनंतरच्या वर्क परमिटला विषयाच्या अटी लागल्या आहेत, मास्टर्सला नाहीत. जपानचा मूळ नियमही सोळा वर्षांच्या शिक्षणाचाच, पण तिथे अर्जाआधी वेगळी पात्रता छाननी करून घेण्याची सोय असते. तिची तारीख अर्जाच्या तारखेच्या खूप आधी असते.

आता, कमी पडणारं वर्ष भरायचं झालं तर कसं? महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. तीन वर्षांनी नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त असतील तर संशोधनासह ऑनर्सची वाट आहे. दुसरा पर्याय, तीन वर्षांनी दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जायचं आणि पहिल्या वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचं.

दोन्हींत चार वर्षंच जातात. तरी परदेशी जायचं पक्कं असेल तर मी ऑनर्सच्या बाजूचा. एकाच विद्यापीठाची, एकाच नावाची, सलग आठ सेमिस्टरची पदवी वाचणाऱ्याला शंका येत नाही. तीन वर्षांची पदवी अधिक एक डिप्लोमा अशी जोड दिली की ती धरायची की नाही हा निर्णय पुन्हा समोरच्याच्या हातात जातो. फक्त आपल्या कॉलेजात चौथं वर्ष खरोखर चालू होणार आहे का, कुठल्या विषयांत, आणि शिकवायला माणसं आहेत का, हे तिसऱ्या वर्षातच विचारून घ्यावं. कागदावर मंजुरी असणं वेगळं. पूर्ण एम.एस्सी. करणं वाया जातं असं मात्र नाही. शुद्ध विज्ञानात, विशेषतः चांगल्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट मिळत असेल, तर ती दोन वर्षं थेट पीएच.डी.चं दार उघडतात आणि मग परदेशात दुसरं मास्टर्स करायची गरजच उरत नाही.

डिप्लोमावाल्यांचा प्रश्न वेगळा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई.ची तीन वर्षं. यांच्या हातात बी.ई.च्या सहाच सेमिस्टरच्या मार्कशीट असतात आणि परदेशातला माणूस म्हणतो, ही तर तीन वर्षांची डिग्री. १०+३+३ म्हणजे सोळाच होतात, पण ते तुम्ही दाखवल्याशिवाय त्याला दिसत नाही. डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीट अर्जासोबत द्यायच्या आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नियमानुसार झाला असं कॉलेजचं पत्र जोडायचं.

नियम वाचूनही शंका उरली तर ॲडमिशन ऑफिसला मेल करा, पण नीट करा. पदवीचं पूर्ण नाव, विद्यापीठ, कालावधी किती सेमिस्टर, मार्कशीटवरचे एकूण क्रेडिट्स, शेवटचा ग्रेड किंवा टक्के, आणि कुठल्या प्रोग्रॅमबद्दल विचारताय ते. मग एकच प्रश्न, ही पदवी या प्रोग्रॅमच्या किमान पात्रतेत बसते का. ‘माझी निवड होईल का’ असं विचारलं की छापील उत्तर येतं. मार्कशीट जोडा. लेखी होकार आला तर तो अर्जासोबत अपलोड करता येतो का बघा, आणि नाही तरी जपून ठेवा. आत्ता उत्तर देणारा माणूस छाननीच्या वेळी त्याच खुर्चीत असेल याची खात्री नसते.

राहिले कागद. एटीकेटी लागलेली असेल तर ती लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित गुणपत्रकावर, प्रयत्न दिसतातच. नावातला गोंधळ आधी मिटवा. मार्कशीटवर आडनाव पुढे, त्यात आईचं नाव, आणि पासपोर्टवर उलटा क्रम, हे महाराष्ट्रातल्या मुलांचं नेहमीचं दुखणं आहे. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागताच करावा, कारण उन्हाळ्यात तिथे गर्दी होते. आणि शेवटच्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघत बसू नये. जर्मनीत हिवाळी सत्राच्या अर्जाची नेहमीची मुदत १५ जुलै, परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी त्याआधीच संपते, आणि आपले निकाल त्याच सुमाराला लागतात. पाच सेमिस्टरच्या मार्कांवर अर्ज स्वीकारतात का हे विचारा. बरीच विद्यापीठं स्वीकारतात आणि पदवी प्रमाणपत्र नंतर आणा म्हणतात.